इसन म्हणजे गार पाणी

तानूच्या अप्पांस,

ही चिठ्ठी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा.

सकाळी न्हाणीत तानूचा पाय भाजला. दवाखान्यात दाखवून आणलं. लाल झालाय, फोड न्हाई. आत्याबाई म्हणतील, धाकट्या सुनेनं, नागम्मानं मुद्दाम केलं, पोटी लेकरू न्हाई म्हणून जळती. गल्लीभर हेच ओरडल्या. साफ खोटं हाय.

आत्याबाई पोरीला पायावर घेऊन बसल्या आणि पाणी कढत लागलं तशा म्हणल्या, "इसन टाक!" आपण गार पाण्याला इसन म्हणताव. नागम्मा दुबलगुंडीची, कानडी घरची. तिकडं बिसनीर म्हणजे कढत पाणी. तिला तेच ऐकू आलं, तिनं चुलीवरच्या हंड्यातलं घंगाळात ओतलं, ते तानूच्या पायावर उडालं.

पण लेकरू पायावर असताना पाणी टाकायला सांगितलंच कामून? आधी घंगाळात गार, मग ऊन, मग कोपर बुडवून बघायचं, मग लेकराला घ्यायचं. सात लेकरं न्हाऊ घातली म्हणून मिरवतात, आज कोपर वलं करायला झालं न्हाई!

तुम्ही कचेरीसाठी उर्दू शिकलात, दिवसभर लिहिता. पण घरात आलेल्या पोरीला दोन वर्षांत आपला एक शब्द कुणी समजावला न्हाई. मीबी न्हाई.

आम्ही तिघी दुबलगुंडीला चाललाव. गार पाण्याला कानडीत तण्णीर म्हणतात. आत्याबाईंना पाठ झालं की न्यायला या, त्यांना संगं घेऊन. नागम्माच्या आईपुढं म्हणून दाखवू द्या.

तानूची आई