पोह्यांच्या रांगेतली पाहुणी

धंतोली, नागपूर
गुरुवार (तारीख विचारू नका, दीपमालाच्या भिंतीवर अजून गेल्या वर्षाचं कॅलेंडर आहे)

ती. सिंधूताई,

कामिनीचा नमस्कार. वाकून केला आहे, पण उजवा गुडघा वाटेतच थांबला, तेव्हा उरलेला तुम्ही मनाने पुरा करून घ्या. दमा कसा आहे? थंडीत पहाटे अंगण झाडायला उतरू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तुम्ही उतरत असणार. शेजारच्या वच्छलाबाई रात्री सोबतीला येतात का अजून, की त्यांच्याशी पुन्हा अबोला धरलात? फोन न करता पत्र लिहिते आहे त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फोनवर तुम्हाला माझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं पटत नाही. पत्राला निदान मध्येच तोडता येत नाही.

मी नागपूरला का आले आहे हे तुमच्या बंधूंनी त्यांच्या पद्धतीने तुम्हाला कळवलंच असेल, म्हणजे 'कामिनीला झटका आला' एवढंच. खरी गोष्ट अशी की नाशिकची जागा सोडायची वेळ आता आली आहे. उरलेलं आयुष्य कुठे काढायचं यावरून आमच्या घरात दिवाळीपासून जेवताना कोणी बोलत नाही. त्यांना तळेगाव हवं आहे, मुलाच्या जवळ. मला नागपूर. माझी शाळेतली मैत्रीण दीपमाला तिच्या बंगलीचा वरचा मजला आम्हाला कायमचा द्यायला तयार आहे, फक्त तिला या रविवारी हो की नाही ते सांगायचं आहे. तुमचे बंधू म्हणाले, तुझं ते नागपूर आता उरलेलं नाही, तिथे वाघ बघायला आलेली माणसं राहतात. आठ दिवस एकटी जाऊन ये. तुझ्या आठवणीतलं एक तरी ठिकाण जसंच्या तसं सापडलं तर मी मुकाट्याने येतो. नाही सापडलं तर तळेगाव, आणि हा विषय बंद. (ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, त्यामुळे नागपूर म्हटलं की त्यांना राख आणि मे महिना एवढंच आठवतं. त्याच शहरात त्यांना मी मिळाले, हे ते हिशेबात धरत नाहीत.)

आल्या दिवशी संध्याकाळी मी फुटाळ्याला गेले. कॉलेजात असताना दीपमाला आणि मी तलावाच्या कठड्यावर बसून भाजलेली कणसं खायचो आणि पुढे आपलं काय होणार याची काळजी करायचो. कठडा असेल, पण मला दिसला नाही, कारण त्याच्यापुढे माणसं होती, आणि माणसांपुढे त्यांचे फोन. सगळे पाण्याकडे पाठ करून उभे होते. ताई, एवढं मोठं तळं, सूर्य बुडत होता, आणि त्याच्याकडे तोंड असलेली मी एकटीच. शेवटी पाय दुखले म्हणून एका उंच पांढऱ्या वस्तूला टेकून बसले. थोड्या वेळाने एक गृहस्थ अतिशय अदबीने म्हणाले की मॅडम, तुम्ही 'ग' वर बसला आहात. मागे वळून बघते तर माणसाएवढ्या अक्षरांत शहराचं नाव उभं केलेलं, त्यापुढे फोटोसाठी रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या फोटोत माझ्यामुळे 'ना पूर' असं आलेलं. चार-पाच कुटुंबं तर ते फोटो घेऊन निघूनही गेली होती. देशात कुठे कुठे मी अक्षर म्हणून पोचले असेन देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मला या पाहुण्यांची जात कळली. (जात म्हणजे प्रकार, घाबरू नका.) हे लोक जंगलात जायला किंवा जंगलातून परत येताना नागपुरात एक दिवस थांबतात. त्यांचे दोन तट आहेत, वाघ दिसलेले आणि वाघ न दिसलेले. दिसलेले कुठेही, अगदी औषधाच्या दुकानातसुद्धा, मोठ्या आवाजात बोलतात. न दिसलेल्यांना वाटतं की आता निदान शहराने तरी पैसे वसूल करून द्यावेत, म्हणून ते समोर येईल त्याचा फोटो काढतात आणि खातात. सीताबर्डीवर मी ब्लाउजपीस बघत होते तर दुकानदाराने मला हिंदीत विचारलं, वाघ दिसला का. मी मराठीत म्हटलं, मी इथलीच आहे. तो हसून म्हणाला की सगळेच असं म्हणतात, आणि भाव होता तोच ठेवला. माझ्याच गावात, ताई! ज्या बर्डीवर आईने माझ्या लग्नाच्या साड्या घेतल्या तिथे.

आता मुख्य गोष्ट. पोहे. तुम्हाला नागपुरी पोहे माहीत नाहीत आणि मी मागे एकदा वर्णन केलं तेव्हा तुम्ही 'पोह्यांवर आमटी?' असं म्हणून कूस बदलली होती. पोह्यांवर हरभऱ्याचा तिखटजाळ पातळ रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात, आणि तो खाल्ल्यावर तुमच्या दम्याला पळायला जागा राहणार नाही. माझे बाबा दर रविवारी मला एका कडुनिंबाखालच्या गाडीवर न्यायचे. म्हणून मी ठरवलं होतं की पैज तिथेच जिंकायची. सकाळी लवकर रिक्षा करून गेले. गाडी होती. निंबही होता, निंबाला दिव्यांच्या माळा होत्या. गाडीवर बाबांच्या वेळच्या गाडीवाल्या भैय्याजींचा मुलगा उभा होता. आता त्यालाच सगळे भैय्याजी म्हणतात, आणि मिशाही तशाच आहेत. पण गाडीपुढे दोन बसगाड्या, आणि बसमधून उतरलेली वाघ न दिसलेली पन्नासेक माणसं.

मी आपली पुढे होऊन म्हणाले, मला एक प्लेट द्या. एवढंच. त्या एका 'मला'ने माझा घात केला. पट्टेरी झेंडी घेतलेली एक चुणचुणीत मुलगी आली, माझ्या डोक्यावर वाघाचे कान असलेली कागदी टोपी ठेवली, साडीवर आकडा चिकटवला आणि खांद्याला धरून मला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. ही हिमानी, त्या सहलीची गाइड. वडील हिंगण्याच्या कारखान्यात आहेत, मुलगी गोड आहे, पण तेव्हा मला ती कैकेयी वाटली. मी सांगत होते की मी तुमच्यातली नाही, आणि ती मान डोलावत होती, जशी आपण तापातल्या माणसापुढे डोलावतो.

त्यात तिचा एक खेळ चालू होता. पोहे नागपुरी बोलून मागायचे. 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काहून'. बाईशी बोलताना 'वं' आणि पुरुषाशी बोलताना 'गा'. माणसं खूश होऊन शिकत होती. माझ्या पुढचे ठाण्याचे निवृत्त प्राचार्य तर वहीत उतरवून घेत होते, आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी छाती काढून मिशाळ भैय्याजींना विचारलं की काय वं भैय्याजी, कशी आहेस. गाडीवरची सगळी पोरं हसून हसून खाली बसली. भैय्याजींनी शांतपणे उत्तर दिलं की बरी आहो, आणि त्यांच्या प्लेटमध्ये तर्री दुप्पट ओतली. प्राचार्यांनी दोन तांबे पाणी संपवलं.

तुम्हाला यातली माझी अडचण कळली का? मी नागपुरात जन्मले, नागपुरात वाढले, आणि 'मले' हा शब्द मी जन्मात कधी उच्चारला नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मराठी बोलू देत नसत. घरी आई 'मले-तुले' बोलू देत नसे, ती म्हणायची की मुलीला चांगल्या ठिकाणी द्यायची आहे. (चांगलं ठिकाण म्हणजे तुम्ही.) त्यामुळे मला इंग्रजीत प्रार्थना येते, शुद्ध मराठीत रुसता येतं, आणि माझ्या गावाची भाषा मी फक्त भिंतीपलीकडून ऐकलेली. आणि इथे पन्नास परके लोक ती दहा मिनिटांत शिकून पोहे खात होते. रांग हळूहळू सरकत होती आणि माझा जीव वर-खाली होत होता. पैज हरत होते ते वेगळंच.

माझा नंबर आला, आणि नेमका तेव्हाच मागून एक उंच तरुण फोन धरून आत घुसला. त्याचं कोपर माझ्या टोपीला लागलं, टोपी डोळ्यांवर आली, आणि ताई, मला खरंच माहीत नाही ते कुठून आलं. अंधारात, त्या कागदी कानांखालून, माझा आवाज ऐकू आला:

"काहून ढकलून राहिला गा? मी का पाहुणी आहो? इथंच वाढली ना मी, याच निंबाखाली! मले बी खाऊ दे ना!"

मी टोपी वर केली. तो मुलगा मागे सरकला होता. भैय्याजी पळी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत होते, आणि मग त्यांनी जे विचारलं ते मी तेव्हापासून रोज रात्री आठवते.

"मंग इतका वेळ पाहुण्यावानी काहून बोलून राहिल्या होत्या वं ताई?"

त्यांना काय सांगणार? सिस्टर गेल्या, आई गेली. मी म्हटलं, पोहे द्या. त्यांनी दिले. डोळ्यांतून पाणी आलं ते तर्रीचं होतं असं सगळ्यांना वाटलं, तर्री त्या कामाला फार सोयीची आहे.

पण इथे संपलं नाही. पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. वाघ न दिसलेल्यांना, ताई, वाघ दिसला होता! त्यांनी व्हिडिओसाठी फोन रोखून मला पुन्हा तेच म्हणायला लावलं, मग टोपी डोळ्यांवर घेऊन म्हणायला लावलं, मग त्या ढकलणाऱ्या मुलाला पुन्हा ढकलायला लावलं. मी नको नको म्हणत तीनदा केलं. (चौथ्यांदा मीच सुचवलं, पहिल्या तिन्हीत माझा पदर सरकला होता.) प्राचार्यांनी वाकून विचारलं की आपण अस्सल का. मी म्हटलं, हो गा. आयुष्यात मी प्राचार्यांना 'गा' म्हटलं! आणि आकाश कोसळलं नाही.

तेव्हापासून मी रोज जाते. हिमानी सकाळी मला घ्यायला येते. मी निंबाखाली उभी राहून सांगते की इथे टांगे कसे थांबायचे, बाबा कसे स्वतःची प्लेट मला देऊन चहावर भागवायचे. लोक ऐकतात. खरंच ऐकतात, घरी कोणी ऐकत नाही तसे. तिला मला 'अस्सल नागपुरी आजी' म्हणायचं होतं. बरीच ओढाताण होऊन 'काकू'वर मिटलं. संध्याकाळी दीपमाला आणि मी तालमी करतो. तीही कॉन्व्हेंटचीच, त्यामुळे दोघींचंही 'काहून' जरा इंग्रजी येतं, आणि आम्ही ते भाजीवाल्या मीराबाईंवर घासतो. परवा त्या दीपमालाला म्हणाल्या की बाई, तुमची बोली सुधरून राहिली आता. दीपमालाला गर्दीचं काही वाटत नाही. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी तिची गावाकडची सगळी माणसं तिच्या अंगणात आणि गच्चीत झोपतात. ती म्हणते, शहर म्हणजे काय फुलदाणी आहे का, की तू ठेवून गेलीस तिथेच सापडावी?

तेव्हा, ताई, पैजेच्या शब्दांप्रमाणे मी हरले आहे. जसंच्या तसं एकही ठिकाण मला सापडलं नाही. फुटाळा माणसांमागे गेला, बर्डीवर मी गिऱ्हाईक झाले, निंबावर माळा चढल्या. पण मी जे शोधायला आले नव्हते ते सापडलं आहे, आणि ते तळेगावात बोलून कोणाला कळायचं नाही.

प्रकृतीला जपा. अंगण झाडू नका.

तुमची धाकटी भावजय,
कामिनी

ता. क. पैज हरल्याचं तुमच्या बंधूंना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही लगेच सांगू नका.

आणखी एक. तो व्हिडिओ त्यांना नातवाने दाखवला. काल फोन आला. म्हणाले, पदर नीट घ्यायचा होतास. मग विचारलं, भैय्याजी तर्रीवर अजून कच्चा कांदा देतात का. लग्नाआधी खापरखेड्याहून दर रविवारी मोटारसायकलवर तिथे यायचे म्हणे! इतक्या वर्षांत मला एका शब्दाने बोलले नव्हते. आम्ही एकाच गाडीवर खात होतो, ताई, आणि पत्रिका मात्र तुम्ही सांगलीत जुळवत होतात.

खरं आणि शेवटचं. त्यांना राखेची भीती नाही, उन्हाचीही नाही, आणि तळेगाव त्यांना हवं आहे ते मुलासाठी नाही. तिथून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी सांगलीला तुमच्या दारात उतरता येतं. ते असं कधी बोलणार नाहीत, तुम्हीही बोलणार नाही, म्हणून मी बोलते. वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. पूर्वेची तुमची. दीपमालाला विचारून झालं आहे. इथली थंडी कोरडी आहे, दम्याला बरी, आणि झाडायला अंगणही आहे (उशिरा, ऊन आल्यावर). तुम्ही येणार असाल तर ते उद्याच्या गाडीने निघतील, हे तुम्हालाही माहीत आहे. पत्र कुरियरने पाठवते आहे, शनिवारी मिळेल; रविवारच्या आत वच्छलाबाईंकडून फोन करवून नुसतं 'हो' कळवा. 'नाही' म्हणायचं असेल तर मात्र ते मी फोनवर ऐकणार नाही. त्यासाठी इथे या, पूर्वेच्या खोलीत खिडकीशी बसा, आणि मग माझ्या तोंडावर म्हणा.