ताटाचा भाव

आण्णा, आज तेलाचा डबा पुन्हा महाग झाला. दुकानदार भाव सांगताना माझ्याकडं बघत नाही, मागच्या गोण्यांकडं बघून सांगतो, जणू त्यांनीच तो ठरवलाय. दोन डबे आणायला गेले होते, सहा घेतले, कारण पुढच्या आठवड्यात तो काय सांगेल याचा नेम नाही. रिक्षात पायाशी डबे धरून घरी येताना मला तुमचाच राग येत होता. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, पण लातुरात कुणाच्या लग्नाच्या स्वयंपाकाचं बोलायला गेले की माझ्याआधी तुम्ही तिथं जाऊन बसलेले असता.

"तुझे वडील असं करत नव्हते." हे वाक्य मला पाठ झालंय. तुम्ही म्हणे दिवाळीत ताटाचा भाव सांगायचे आणि वैशाखात तेवढाच घ्यायचे, मधे बाजारात काहीही होवो. खरंय, मी डोळ्यांनी बघितलंय. तुरीची डाळ चढतच गेली त्या वर्षी मी बारावीला होते. निलंग्याचं लग्न, पाचशे पान. आदल्या दिवशी आपल्या मागच्या अंगणात भट्टी पेटलेली, आई डाळ निवडून राहिलेली, तुम्ही बुंदी पाडत होता. मी म्हणाले, "आण्णा, उद्या वरण जरा पातळ केलं तर?" तुम्ही मागं वळूनही बघितलं नाही. म्हणालात, "पातळ वरण खायचं असंल तर मेसमधी जा." कामाला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. मला इतकी लाज वाटली की दुपारपर्यंत आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. लग्न छान झालं, निलंगेकरांनी तुमच्या खांद्यावर शाल घातली, आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही टेम्पो विकला. शाल आणि टेम्पो यांचा काही संबंध आहे असं तुम्हाला कधी वाटलंच नाही. आईला वाटत होतं, पण ती तुमच्यासमोर बोलायची नाही.

खरी चीड मला वेगळ्याच गोष्टीची आहे. तुम्ही सुरुवात अशी केलीच नव्हती. तुम्ही नुसते आचारी होता तेव्हा लग्नघरचे लोक शिधा द्यायचे. डाळ, गहू, गूळ, तेल, सगळं त्यांचं. तुमची पातेली, तुमचे झारे, तुमचा हात, आणि त्याची मजुरी. भाव वर जावो नाहीतर खाली, तुमच्या ताटातलं काही कमी होत नव्हतं. मग लातुरात मंगल कार्यालयं झाली. लोक म्हणू लागले, डोक्याला ताप नको, एका ताटाचे किती ते सांगा. तुम्हाला त्यात मोठेपणा वाटला. पेंटरकडून पाटी रंगवून आणलीत, आचारीचे केटरर झालात, आणि त्या दिवसापासून अख्ख्या बाजाराची महागाई एकट्याच्या अंगावर घेतलीत. आणि मी ती पाटी पुसून, पुन्हा रंगवून, तशीच चालवत राहिले. माझ्यावरही चिडतेच मी.

तीन-चार वर्षांमागं तेलाचं डोकं फिरलं तेव्हा माझ्याकडं नऊ लग्नं ठरलेली होती, सगळी दिवाळीत सांगितलेल्या भावानं. पहिली दोन मी तुमच्यासारखी केली. वरण दाट, बुंदी तुपातली, तोंडावर हसू. दुसऱ्या लग्नाहून परत आल्यावर गॅसच्या टाक्या उतरवून घेत होते, तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या बायका पुढं आल्या. त्यातली सगळ्यात जुनी म्हणाली, "ताई, आमचा रोज वाढवून द्या." मी वैतागून म्हणाले, "तेल कुठं गेलंय बघताय ना तुम्ही?" ती शांतपणे म्हणाली, "बघून राहिलोय की. आमच्या घरीबी तेलच लागतंय."

मी त्यांचा रोज वाढवला. आणि तिथंच, टेम्पोच्या फळीवर बसून, ठरवलं की उरलेली सात लग्नं अशीच केली तर दहावं करायला मी शिल्लक राहणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटी काढून एकेकाच्या घरी गेले. फोनवर सांगितलं असतं तर लोक ऐकायच्या आधी चिडले असते. समोर बसून सांगितलं की हा भाव मला परवडत नाही, फरक द्या नाहीतर दुसरा माणूस बघा. चौघांनी कुरकुर करत मान्य केलं. दोघांनी दुसरा माणूस बघितला. त्यातल्या एकाने मला दारातच उभं ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटचं घर रेणापूरचं. मुलीचे वडील शेतकरी, चांगली बागाईत, ओसरीवर तुरीची पोती रचलेली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगितलेला भाव तू दारात येऊन फिरवून राहिलीस. हे बरं हाय का?"

"काका, यंदाचं सोयाबीन तुम्ही मागल्या वर्षीच्या भावानं विकलं का?"

"ते कसं इकावं? बाजार जो भाव देतो तो घ्यायचा."

"मग तेच सोयाबीन तेल होऊन माझ्याकडं येतंय. मी जुन्या भावानं कसं वाढू?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. नंतर हळू आवाजात म्हणाले, "माझ्या लग्नात तुझ्या वडलानं सैपाक केला होता. त्यांनी असं केलं नसतं बघ."

आण्णा, तोपर्यंत मी सात दिवस हेच ऐकत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आण्णांनीच मला सांगून ठेवलंय. बाजार फिरला की ताटाचा भाव करू नको, शिधा घे, मजुरी घे."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हाव की," ते म्हणाले. "माझ्या लग्नातबी शिधाच दिला होता आम्ही. लई हुशार माणूस." उठून पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "डाळ घरची हाय. गहू हाय. गूळ मेव्हण्याकडून आणतो. तेल तेवढं तू सांगशील तितकं आणून टाकतो. तू फक्त ये."

ते लग्न मी मजुरीवर केलं. चार पैसे राहिले, त्यांनाही स्वस्त पडलं, आणि वरण इतकं दाट झालं की वाढपी तक्रार करत होते. तेव्हापासून माझे नियम बदलले. खेड्यातलं लग्न असेल तर शिधा. शहरातलं असेल तर सांगितलेला भाव पंधरा दिवसच पक्का, कागदावर, खाली सही. बयाणा हातात पडला की त्याच दिवशी तेल, डाळ, साखर घरात आणून टाकते. नोटा कपाटात ठेवून त्यांची किंमत उतरताना बघत बसत नाही. लोक नाक मुरडतात, पण सही करतात.

पण खरा वैताग पुढंच आहे. रेणापूरच्या काकांनी ही गोष्ट अख्ख्या तालुक्यात सांगितली. आता शिरूर अनंतपाळहून माणूस येतो तो शिध्याची यादी घेऊनच येतो आणि म्हणतो, तुमच्या वडलांचा नियम लई चांगला. सात घरी अपमान मी गिळला, डोकं माझं चाललं, आणि शहाणपण तुमच्या नावावर जमा झालं. परवा एका बाईनं तर विचारलं, "आण्णांनी जाताना हेच सांगितलं होतं म्हणं?" मी हो म्हणाले. नाही म्हणायला फार वेळ लागला असता.

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरलं होतं आणि वैशाखातल्या लग्नांची काळजी करत होता. तुम्ही म्हणाला होता, "सांगितलेला भाव मोडू नको." मी हो म्हणाले होते. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा.