माझा भाऊ येणारच नव्हता, खाला

प्रिय खाला,

परवा तुमच्या भाचीचा, रुबिनाचा फोन आला. तुम्ही गेलात हे तिने सांगितलं आणि मी नुसतं "अरेरे" म्हणाले. तुमच्या घरमालकिणीला याहून बरा शब्द सुचला नाही! म्हणून लिहितेय. तुम्ही समोर असताना हे बोलायचं धाडस मला झालंच नाही.

सात वर्षं तुम्ही माझ्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहिलात. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. तुमची कधी कटकट नाही, म्हणून मी तिकडे फिरकतही नव्हते. मग जवळच होणाऱ्या नव्या विमानतळाच्या बातम्या आल्या आणि मला अचानक गुंतवणूक कळायला लागली.

एजंट फ्लॅट बघून गेला तो दिवस आठवतो? तुम्ही त्याला कोकम सरबत दिलंत. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "मॅडम, लोकेशन सोनं आहे, पण भाडेकरू जुना. मॉड्युलर किचन करा, फॉल्स सीलिंग करा, कंपनीला द्या. भाडं दीडपट!"

"पण त्यांना काय सांगू?"

"घरचं कोणी राहायला येतंय म्हणा. कोणी वाद घालत नाही."

मी तेच केलं. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, तो इथे राहणार, असं तुमच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

तुम्ही वाद का नाही घातलात हो? "मुबारक हो, बेटा!" म्हणालात, आणि महिन्याच्या आत जासईला रुबिनाकडे निघून गेलात. जाताना मला बाथरूमच्या खिडकीपाशी नेलंत. "ही कडी जरा उचलून लावायची. नवरीला सांग हां." मी मान हलवली. कशी हलवली असेल, खाला?

पुढे सगळं एजंटच्या मनासारखं केलं. कंपनीची पोरं आली, नऊ महिन्यांत गेली. नंतर आलेलं कुटुंब त्याहून लवकर गेलं. मग फ्लॅट रिकामाच राहिला आणि पावसाळ्यात नव्या सीलिंगमधून पाणी गळायला लागलं. मी सोसायटीच्या सेक्रेटरींवर ओरडले, "सात वर्षांत कधी गळलं नाही!"

"गळायचं ना," ते शांतपणे म्हणाले. "खालाबाई दर मे महिन्यात गच्चीच्या डागडुजीचा अर्ज घेऊन यायच्या. गच्चीवर माणूस चढेपर्यंत ऑफिसातून हलायच्या नाहीत."

मला हे माहीतच नव्हतं! त्या घराची किंमत काढताना मी स्टेशनचं अंतर धरलं, विमानतळ धरला. तुम्हाला मात्र अडचण म्हणून धरलं.

तेव्हा तरी फोन करायला हवा होता. दोनदा नंबर काढला. पण भावाचं विचारलंत तर काय सांगू? आधीच्या खोट्यामुळे माफीही मागता येईना.

काल जासईला गेले. रुबिनाने चहा दिला आणि मला जे ठाऊक नव्हतं ते सांगितलं. तुम्ही नवरीसाठी भरतकाम करून चादर तयार केली होती. ती घेऊन करंजाड्याला गेलात. दार कंपनीच्या पोरांनी उघडलं. तुम्ही विचारलंत, "नवरानवरी कुठे आहेत?" पोरं हसली. तुम्ही चादर घेऊन तशाच परत आलात.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, खरं सांगितलं असतं तरी मी निघालेच असते. घर तिचंच हाय." रुबिना थांबली. "तुम्हाला भाऊ तरी हाय ना?"

"आहे. नाशिकला. दोन मुली आहेत त्याला."

तिने कप उचलले आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मीच उठले.

खाला, अजून एक आहे. शेजारपाजाऱ्यांना मी सांगितलं होतं की तुम्हीच घर सोडलंत, म्हातारपणी माणसांत राहायचं म्हणून. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. मी जाणार आहे. उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन की खाला आपणहून गेल्या नाहीत, मी त्यांना खोटं बोलून घालवलं. नंतर कोणी माझ्याशी बोललं नाही तर ते मी सोसेन.

तुम्हाला एकदाही खरं न सांगितलेली,
मेधा