अम्मीच्या रेडिओचे सेल

मस्कत, शुक्रवार

अमान,

सलाम घे. दुआ आज मिळणार न्हाई.

तुझा रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम इथं मोबाईलवर ऐकते. आधी धांगडधिंग्याचं गाणं, मग विष्णुपुरी धरणावरची पाखरं, मग दीन-धर्माच्या गोड गोड गोष्टी. काल म्हणालास, आईच्या पायाखाली जन्नत असते. लाज कशी वाटली न्हाई रे? नांदेडहून मुदखेड किती लांब हाय? ईदनंतर अम्मीकडं एकदा तरी गेलास?

मी बरी हाय. दवाखान्यातल्या ड्युटीनं पाय तेवढे सुजतात. अम्मीला सांगू नको.

अम्मी मला फोनवर रोज म्हणते, "आज अमान लई चांगलं बोलला." शेजारच्या बेगमबीनं खरं सांगितलं. रेडिओचे सेल संपून दोन महिने झाले. दुसऱ्या कुणाला आणू देत न्हाई. अमानच आणेल म्हणते.

तुझ्यावर चिडलेली,
मनतशा आपा