मनगटातली नस

आई, माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. सकाळी नगरला टेबलावर आडवी झाले आणि दुपारच्या एसटीने कर्जतला परत आले. मनगटात एक पट्टा असतो, तो खालच्या नसेला दाबत होता. डॉक्टरीणबाईंनी तो कापून नस मोकळी केली. मी जागीच होते. बधिर करायचं इंजेक्शन काय ते झोंबलं. गायी किती, धारा हातानं काढता का, असं विचारता विचारता त्यांनी टाके घातलेसुद्धा. बोटांतल्या मुंग्या गेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता, पण तेव्हापासून नुसती किळस येते आहे. डोळ्यांपुढे तुझं मनगट येतं. तू गोठ्यात बसली आहेस, धार काढता काढता मधेच हात झटकतेस, पुन्हा आचळ धरतेस. बादली निसटते, दूध शेणात जातं आणि अण्णा खेकसतात, "हातात जीव न्हाई का तुझ्या?" तुझ्या अंगठ्याखालचं मांस झिजून खळगा पडला होता. मग अण्णांनी कुठूनसा एक माणूस आणला. त्यानं सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं पाझरलेलं गरम तेल तुझ्या मनगटावर टेकवलं. मी दारात उभी होते. तो वास अजून नाकातून जात नाही. पुढे फोड आले, फुटले, पू झाला. त्याच हाताला फडकं गुंडाळून तू धारेला बसायचीस. फडक्यावर पिवळे डाग, डागांवर माश्या. आणि त्या दुधाचा चहा घरात सगळे भुरके मारत प्यायचे.

तू गेल्यापासून अण्णा माझ्याकडेच राहतात. परवा माझं बँडेज बघून खाटेवरून सहज म्हणाले, "तुझ्या आईलाबी हेच हुतं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणला हुता, बारीक ऑपरेशन करून घ्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कवा?"

"बिब्ब्याच्या आदी."

"मग केलं का न्हाई?"

"आगं, हात लई दिवस भिजवायचा न्हाई म्हणला. धारा कोन काढनार हुतं?"

एवढं बोलून त्यांनी चहात खारी बुडवली. तिचा ओला तुकडा मिशीला चिकटला, तो जिभेनं आत ओढून घेतला.

"तुमाला हात न्हवते का, अण्णा?"

ते खरंच गोंधळले. "मी कवा काढल्यात का धारा?"

मी त्यांच्या हातातला कप घेतला आणि चहा अंगणात ओतला. "माझ्यासमोर बसू नका," मी म्हणाले. काठी टेकत ते मारुतीच्या देवळाकडे गेले. मी मोरीत जाऊन ओकले.

तो डॉक्टर तुझ्यासमोर बोलला होता का गं? की त्यांना एकट्यालाच बाजूला घेऊन? हे मी त्यांना विचारलं नाही. तू जाणून गप्प बसली होतीस, असं कळलं तर ते मला सोसणार नाही.

डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर किरटं आलंय. पाठवायला पत्ताही नाही, सकाळी बंबात घालीन. फक्त एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी ते परतले, तेव्हा मी त्यांना जेवायला वाढलं. दात नाहीत त्यांना, म्हणून भाकरी आमटीत कुस्करूनही दिली.