पोस्टरातलं उघडं दुकान

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कागदावर सोपा जातो, प्रत्यक्षात माझी पाठ धरली आहे). गुडघे कसे आहेत? लेकीकडची हवा मानवली का? ती तुम्हाला घरातल्या घड्याळांना हात लावू देत नाही असं कळलं. तिचंही चुकत नाही. मागच्या खेपेला चांगलं चालणारं घड्याळ तुम्ही 'नुसतं साफ' केलं होतंत.

इकडची हकिगत अशी, की आपल्या मुख्य रस्त्याला शंभर वर्षं झाली म्हणून व्यापारी मंडळाने पोस्टर काढायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं (दुसरा पेंटर आहे, पण त्याला हात काढता येत नाहीत, म्हणून तो सगळ्या माणसांचे हात खिशात घालतो). तीन आठवडे फुटपाथवर स्टूल टाकून बसलो. चष्मेवाल्याला पाटी मोठी हवी, चपलावाल्याला त्याहून मोठी, न्हाव्याला पोट कमी. सगळ्यांच्या मनासारखं करता करता रस्ता इतका चिंचोळा झाला की बस मावेना. शेवटी बस काढून टाकली.

मंडळाची अट एकच होती, फक्त चालू दुकानं घ्यायची. नेमकी तीच माझ्याकडून मोडली. हात सवयीने चालत राहिला आणि पोस्टाच्या इमारतीला लागून तुमचं दुकान आलं, खिडकीत डोळ्याला भिंग लावून तुम्ही, आणि वर ते वीस मिनिटं मागे चालणारं घड्याळ. (शेजारी पोस्टाचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय. मी खोटं काढत नाही.) दुकानाला दोन वर्षं कुलूप आहे, हे रंग वाळल्यावर आठवलं.

मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे आपला बेकरीवाला. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हे तर बंद आहे ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "छे हो, मामा लेकीकडे गेलेत. सोमवारी येतायत." मंगळवारी पोस्टर छपाईला जायचंय. सोमवारी कुलूप निघालं तर ठीक, नाहीतर तुमच्यावर रंग फिरवून तिथे कुंड्या काढायच्या, असं ठरलं.

तुम्ही येताय ही बातमी रस्ताभर झाली आणि लोक बंद पडलेली घड्याळं माझ्या घरी आणून द्यायला लागले. आजपर्यंत एकवीस झाली. ठेवायला जागा नाही म्हणून बायकोने डाळीचे डबे रिकामे केलेत आणि ती माझ्याशी मोजकंच बोलते. चपलावाला म्हणाला, दोन वर्षं घड्याळ तसंच पडलंय, पण दुसऱ्या कुणाकडे द्यायला मन होत नाही. मलाही तुमची फार आठवण येते, तेही आता लिहून टाकतो.

तुमचा, खोटं न काढणारा पण बोलणारा,
भाचा

ता. क. रविवारपर्यंत या. दुकानाची किल्ली विसरू नका.

आणखी एक ता. क. एक दिवस नुसते खिडकीत बसलात तरी भागेल, असं लिहिणार होतो. पण एकवीस घड्याळं एका दिवसात व्हायची नाहीत, तेव्हा कपडे जास्त आणा.

शेवटचा ता. क. रंग फिरवायचा ब्रश हरवलाय असं मी बेकरीवाल्याला सांगितलंय. तो माझ्या खिशात आहे. कुंड्या मला छान काढता येतात मामा, पण तुमच्यावर काढवणार नाहीत.