कबुतर, छत्री आणि ‘होतंय साहेब’

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन शाळेतच राहिलं आणि मी तिथून लवकर निघाले. त्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करतेय, तेव्हा सांभाळून घ्या. कंबर कशी आहे? मामी अजून तुमच्यापासून साखरेचा डबा लपवते ना? लपवू दे. आम्ही सगळे बरे आहोत, फक्त कंपनी बरी नाही.

जिना चुकतोय म्हणालात म्हणून साहेब तुमच्यावर चिडले आणि तुम्ही हेल्मेट टेबलावर आपटून मुकादमकी सोडलीत. त्यानंतर साहेबांनी साइटवर मोठा बोर्ड लावला, ‘आपण सगळे एक कुटुंब’. (मला हसूच आलं. आपल्या घरात सकाळपासून सगळे एकमेकांना नाहीच म्हणत असतात, तरी जेवायला एकत्र बसतो.) या कुटुंबात मात्र साहेब काहीही बोलले तरी ‘होतंय साहेब’ एवढंच म्हणायचं. मला ते सोयीचं होतं, तसंही माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. साहेब हट्टी आहेत, पण मनानं वाईट नाहीत.

तर झालं असं, की नव्या इमारतीत बाथरूमच्या अर्धवट भिंतीवर एक कबुतर बसलं होतं. साहेब छत्री रोखून ओरडले, “काढा ते!” इंजिनियरकाका धावत येईपर्यंत कबुतर उडालं आणि छत्रीसमोर उरली नुसती भिंत. काका म्हणाले, “होतंय साहेब.” भिंत पाडली. दुसऱ्या दिवशी भिंत गायब बघून साहेबांना वाटलं, इंजिनियरनं काहीतरी डोकं लावलं असेल, विचारलं तर आपलंच हसं व्हायचं. म्हणाले, “छान.” मग काय, छान म्हटल्यावर वरच्या सगळ्या मजल्यांवरही पाडली!

आता प्रत्येक बाथरूम थेट जिन्यात उघडतं. घर बघायला आलेल्या एक काकू नळ तपासायला आत गेल्या, तर जिना चढणारा प्लंबर त्यांना म्हणाला, “नमस्कार, बसा बसा.” त्या गेल्या त्या गेल्याच. बाकीची गिऱ्हाईकंही घर नको म्हणतायत. काम बंद आहे, गवंडी नुसते बसून असतात, आणि कंपनी बुडाली तर आपलं काय, हेच सगळ्यांच्या तोंडावर दिसतं.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, “भिंत पाडायला सांगितलं कुणी?” सवयीनं सगळे म्हणाले, “होतंय साहेब.” साहेब डोकं धरून बसले. म्हणाले, “एकानं तरी मला अडवायचं होतं रे!” आणि मामा, कसं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, “मामांनी अडवलं असतं.” सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी पळाले ती थेट सिमेंटच्या गोण्यांमागे जाऊन बसले.

मामीला नमस्कार, धाकट्याला एक हलकी टपली.

तुमची भाची

ता. क. मला इथं कॉम्प्युटरवर साहेबांनीच बसवलंय. तुम्ही परत याल का, असं विचारायला सांगितलंय. त्यांना स्वतःला लाज वाटते.

ता. क. २. साहेब मागे उभं राहून वाचतायत. ‘हट्टी’ शब्द काढ म्हणाले. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “छान.”

ता. क. ३. साइटवरची मांजर व्यायली. पिल्लं तुमच्या हेल्मेटमध्ये आहेत, येताना दुसरं आणा.